सॅटर्न ५ की नाइकी-अपाची : पहिलं स्केल रॉकेट कोणतं बांधावं?

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. मुलाबरोबर चार-पाच साधी मॉडेल रॉकेटं उडवून झाली आहेत, आता खऱ्या रॉकेटची मापात प्रतिकृती करायची आहे. "सॅटर्न घेऊ ना? ह्यूस्टनमध्ये राहून दुसरं काय करणार?" तीन वर्षांपूर्वी मीही असाच विचार करून १:२०० मापाचं सॅटर्न ५ (अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्राकडे नेणारं रॉकेट) आणलं होतं. नंतर नाइकी-अपाची बांधलं. दोन्ही उडवली, दोन्ही दुरुस्त केली. त्या अनुभवावरून लिहितो आहे. इंजिनावरचे आकडे, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून भरायचा कागद), इग्नायटर (इंजिन पेटवणारी तार) हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

सॅटर्नची ओढ मला समजते. इथल्या नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये खरं सॅटर्न आडवं ठेवलं आहे. इंजिनांच्या बाजूनं चालायला लागलं की टोक येईपर्यंत बोलणंच थांबतं. रॉकेटची उंची ११०.६ मीटर, म्हणजे १:२०० मध्ये ५५ सेंटीमीटर, १०.१ मीटरचा व्यास पाच सेंटीमीटरवर येतो. हातात धरायला छान, भरीव माप. टेबलावर उभं केलं की घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे वळतो. माहितीचीही चणचण नाही: आराखडे, रंगांचे नकाशे, प्रत्येक उड्डाणाचे फोटो, हवं ते मिळतं. फक्त रंग देताना जपा. जमिनीवरच्या चाचण्यांसाठी उभं केलेलं ५००-एफ आणि प्रत्यक्ष चंद्राकडे गेलेली सॅटर्न यांच्या काळ्या पट्ट्यांत फरक आहे, आणि जुन्या मॉडेलांवर बऱ्याचदा ५००-एफचे पट्टे दिसतात. आधी अपोलोचं एक उड्डाण ठरवा, त्याचे फोटो समोर ठेवा, मगच मास्किंग टेप चिकटवा.

नाइकी-अपाचीला अशी ओळख करून द्यावी लागते. घन इंधनाचं, दोन टप्प्यांचं हे साउंडिंग रॉकेट, म्हणजे वरच्या वातावरणाची मोजमापं घ्यायला सोडायचं छोटं रॉकेट: खाली जाडजूड नाइकी, वर सडपातळ अपाची. नासाकडून आलेलं असंच एक रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळात थुंब्याच्या किनाऱ्यावरून सुटलं, आणि भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची सुरुवात तिथून झाली. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून ती जागा निवडली होती, आणि सुरुवातीचं काम सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या इमारतीत चालायचं. त्याच थुंब्यात पुढे आपल्या पुण्याच्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनावर काम केलं; १९७९ ते १९८५ ते तिथल्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. हे सगळं माझ्या मुलीला मी नळी कापता कापता सांगितलं. सॅटर्नच्या वेळी असं घरचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

बांधणीत दोघांची प्रकृती अगदी वेगळी. सॅटर्नला माझ्या सहा आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. मोठा वेळ नालीदार पट्ट्यांनी खाल्ला. खऱ्या रॉकेटवर टाक्यांच्या मधल्या भागांत उभ्या नाल्या आहेत. मॉडेलवर त्याच्या पातळ पट्ट्या नळीभोवती गुंडाळायच्या. सांधा अर्धा मिलिमीटर सरकला तरी काळ्या रंगावर चटकन दिसतो. त्यात आमच्याकडची दमट हवा. पावसाळी दिवशी स्प्रे मारला तर रंगावर पांढुरकी साय धरते, मग घासा आणि पुन्हा मारा. चिकाटी असेल तर हे काम आनंदाचं आहे, मला त्याबद्दल काही तक्रार नाही.

नाइकी-अपाची दोन शनिवार-रविवारांत उभं राहिलं, तेही सुट्या नळ्यांतून. मापं बघा कशी जुळतात: अपाचीचा व्यास ६.५ इंच, म्हणजे १६५ मिलिमीटर. १:१२ केलं की पावणेचौदा मिलिमीटर, आणि बाजारात बीटी-५ नावाची तयार कागदी नळी मिळते ती १३.८ मिलिमीटरची! नाइकी १६.५ इंच, ती १:१२ मध्ये ३५ मिलिमीटरच्या आसपास येते. बीटी-५५ नळी ३३.७ ची आहे, थोडी बारीक. तिच्यावर मी जाड कागदाचे दोन वेढे दिले, आणि कॅलिपर लावल्यावर काटा बरोबर जागेवर आला. माझं रॉकेट साधारण ७० सेंटीमीटर लांब झालं. पंख बाल्साच्या हलक्या लाकडाचे, मधला निमुळता जोड कागदी शंकूचा. रंगाचे डबे दोनच, पण इथेही एक विशिष्ट उड्डाण निवडून त्याचा फोटो शोधावा लागतो, कारण वेगवेगळ्या मोहिमांतली ही रॉकेटं वेगवेगळ्या रंगांत दिसतात. सॅटर्नइतकी आयती माहिती मिळत नाही. काही लांबी मी फोटोत व्यासाच्या पटीनं मोजून काढल्या. शोकेसजवळ नाक नेऊन बारकावे बघणाऱ्याला सॅटर्नच जास्त समाधान देईल, यात शंका नाही.

हवेतल्या स्थैर्याबद्दल थोडक्यात. खऱ्या सॅटर्नला दिशा द्यायला हलणारी इंजिनं होती, त्यामुळे त्याचे पंख रॉकेटच्या मानानं नावापुरते आहेत. मॉडेलला तो आधार नाही. म्हणून मोठे पारदर्शक पंख लावायचे किंवा नाकात क्ले भरायचा, आणि वजन वाढलं की सी६-३ पेक्षा लहान इंजिन चालत नाही (ए, बी, सी असं अक्षर पुढे जातं तशी इंजिनाची ताकद वाढते). नाइकी-अपाचीला सुकाणू नव्हतंच, ते स्वतःच्या पंखांवरच सरळ जायचं. त्यामुळे पंख मापात ठेवले तरी मॉडेल स्थिर राहतं. माझ्या रॉकेटला नाकात चिमूटभर क्ले पुरला. तरीही इंजिन बसवून, तोलाच्या जागी दोरी बांधून, अंगणात डोक्यावरून गरगर फिरवून बघितल्याशिवाय कुठलंच रॉकेट उड्डाणाच्या रॉडवर चढवू नका.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय झाला ती सांगतो: सॅटर्नच्या शेंड्यावरचा एस्केप टॉवर. संकटात अंतराळवीरांची कुपी ओढून दूर नेण्यासाठी बसवलेलं ते छोटं रॉकेट आणि त्याखालचा जाळीचा मनोरा. खरा दहा मीटरचा, आपल्याकडे पाच सेंटीमीटरचा, आणि जाळीच्या काड्या केरसुणीच्या हिरापेक्षा बारीक. पॅराशूट उघडल्यावर नाक शॉक कॉर्डला (नाक आणि नळी जोडणाऱ्या लवचीक दोरीला) बुडाकडून लटकतं, म्हणजे टोक खाली. मग सबंध रॉकेटमधला सगळ्यात नाजूक भाग जमिनीला सगळ्यात आधी टेकतो.

माझं सॅटर्न चार वेळा उडलं आणि टॉवर तीनदा मोडला. पहिल्यांदा दोन काड्या तुटल्या. चिमट्यानं धरून, टाचणीच्या टोकानं सुपरग्लू लावून जोडल्या. दुसऱ्यांदा अख्खा टॉवर उडून गवतात पडला. टेक्सासच्या मैदानांत लाल मुंग्यांची वारुळं असतात. मुलगी गुडघ्यांवर बसून तो पांढरा तुकडा शोधत होती, सापडला तोवर तिच्या घोट्यावर सात-आठ फोड आले होते. त्यानंतर मी पितळी तारेचा टॉवर डाख देऊन केला. तो मोडला नाही, पण तिसऱ्या उड्डाणाला उतरताना खालच्या प्लॅस्टिकच्या कुपीत घुसला आणि कुपीला चीर गेली. पुन्हा प्लॅस्टिकचा लावला, चौथ्यांदा तो मोडला. टॉवर काढून उडवता येतं, बरेच जण तसंच करतात आणि त्यात चूक काही नाही. मला मात्र रॉडवरचं ते बोडकं सॅटर्न बघवलं नाही.

मोडतोड या छंदात चालतेच. मला लागलं ते वेगळंच. पाचव्या वेळी सगळी तयारी करून मैदानावर गेलो, वारा पडलेला, आकाश स्वच्छ, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, आज हे नको उडवूया. परत मोडेल." आम्ही तिचं जुनं तीन पंखांचं रॉकेट उडवून घरी आलो. ज्यासाठी सहा आठवडे दिले ते उडवायलाच जीव होत नाही, हे मला सहन झालं नाही.

नाइकी-अपाचीही मोडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अपाचीची नळी बारीक आहे, आडवी आपटली की तिला चुणी पडते. माझी एकदा पडली. चुणीवर पातळ सुपरग्लू जिरवला, घासलं, रंग मारला, तासाभरात काम झालं. दुसऱ्या वेळी नाइकीचा एक पंख मुळापाशी सुटला, तो पांढऱ्या गोंदानं परत बसवला. बाल्साच्या टोकाला पोचे येतात, पुट्टी भरली की जातात. आतापर्यंत अकरा उड्डाणं झाली आहेत, आणि एकदाही त्याच दिवशी पुन्हा उडवता येणार नाही अशी वेळ आली नाही. माझं नशीब असेल थोडं, पण रचनेचाही त्यात वाटा आहे असं मला वाटतं: जमिनीला आधी टेकणारं असं नाजूक काही तिथे नाहीच.

आणखी एक गोष्ट अनुभवानंतर लक्षात आली. खऱ्या सॅटर्नला शेजारचा उड्डाणाचा मनोरा ओलांडायलाच दहा-बारा सेकंद लागायचे. तो संथपणा म्हणजेच सॅटर्न. मॉडेल तेवढ्या वेळात वर जाऊन पॅराशूटवर उतरायलाही लागलेलं असतं. साउंडिंग रॉकेट मात्र खरोखर सुळकन जायचं. ए८-३ वर आमचं नाइकी-अपाची रॉडवरून निघतं तेव्हा जुन्या चित्रफितींत दिसतं त्याच्या बरंच जवळचं काही डोळ्यांसमोर घडतं. आकार मापात असतोच, पण इथे चालही जुळते.

तरी सॅटर्न घ्यावं असे दोन प्रसंग मला दिसतात. मॉडेल मुख्यतः दिवाणखान्यात राहणार असेल तर त्याला तोड नाही. आणि अपोलोचं वेड घरातल्या मुलाचं असेल, तुमचं नसेल, तर त्याला थुंब्याच्या गोष्टी सांगून वळवू नका, त्याचं सॅटर्नच होऊ द्या. भारतात कुणाला भेट द्यायचा विचार असेल तर कोणतंही न्या, पण इंजिनाशिवाय. इंजिनं विमानात सामानातही नेता येत नाहीत, हातातही नाही. माझं दुसरं नाइकी-अपाची सांगलीला आईच्या कपाटात आहे. १९६३ मध्ये ती शाळेत होती. पुसताना ते ती दोन्ही हातांनी धरते.

मित्राला मी नाइकी-अपाची सुचवलं आहे, एकाच इंजिनावर उडणारं. अपाचीच्या बारीक नळीत १३ मिलिमीटरचं मिनी इंजिन नेमकं बसतं, त्यामुळे पुढे खरोखर दोन टप्प्यांत उडवायचा मोह होईल. तो दहा-बारा उड्डाणांनंतर. पहिल्या दिवशी ए८-३, सगळं नीट झालं तर बी६-४. सी६-५ घालून बघितलं होतं आम्ही. रॉकेट शेजारच्या कापसाच्या शेतात गेलं, आणि मुलीला ते पाचव्या ओळीत सापडलं तेव्हा दिवस मावळत आला होता.