'फ्री इंजिन चेकअप' आणि मोबाईलवर दिसणारा पेट्रोलचा ऑक्टेन, गोव्यातल्या गाडीवाल्यांनी जरा सांभाळून

पर्वरी ते म्हापसा हायवेच्या कडेला कार ॲक्सेसरीजच्या दुकानांसमोर टेबल टाकून 'फ्री इंजिन चेकअप, तुमच्या पेट्रोलचा ऑक्टेन मोबाईलवर बघा' असा बॅनर लावून बसलेली पोरं दिसली तर सरळ पुढे जा. (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल इंजिनात वेळेआधी न भडकता किती तग धरतं त्याचा आकडा.) आणि थांबलातच तर स्वतःचा फोन त्यांच्या हातात देऊ नका, एवढं तरी करा. माझे साडेआठ हजारांच्या आसपास गेले, आणि पैशापेक्षा जास्त राग याचा येतो की ज्या पंपावर आम्ही वर्षानुवर्षं पेट्रोल भरतो तिथल्या माणसाशी मी त्या ॲपच्या जोरावर भांडून आलो.

गाडी आमची २०१७ ची वॅगन आर. चवथीच्या (गणपतीच्या) आधीचे दिवस, व्हॉट्सॲपवर सगळीकडे ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या गोष्टी चाललेल्या, कोणाचं मायलेज पडलं, कोणाची गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, कोण म्हणतो रबरी पाइप कुजले, त्यात आपल्याकडचा पाऊस आणि टाकीत पाणी जाण्याची भीती, म्हणजे ह्या लोकांना धंद्याला याहून चांगला सीझन मिळाला नसता. माझंही मायलेज थोडं कमी झालेलं होतंच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, लिटरमागे साधारण दोन तृतीयांशच, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर थोडा फरक पडणारच, त्यात गूढ काही नाही. पण हे मी नंतर वाचलं. त्या वेळी समोर बॅनर होता आणि चेकअप फ्री होतं.

आता त्यांची पद्धत नीट सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जवळ, १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट म्हणतात त्याला. मेकॅनिक स्कॅनर लावतात ते तिथेच. त्या पोराने काडेपेटीएवढी निळी डबी त्यात खोचली, लाईट लुकलुकली, ब्लूटूथने फोनला जोडली आणि माझ्याच फोनवर ॲप टाकलं (प्लेस्टोअरवरून नाही, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून, तेव्हा ते खटकायला हवं होतं पण स्क्रीनवर मजाच तशी चालू होती). ॲक्सिलेटर दाबला की आरपीएमचा काटा वर, सोडला की खाली. कूलंटचं तापमान ९१, बॅटरी १४.१ व्होल्ट, स्पीड शून्य. आणि हे सगळं खरं होतं बरं का! डबी खोटी नव्हती. असले ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन पाचशे-हजारात मिळतात आणि गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जे आकडे देतो ते बरोब्बर दाखवतात. डोळ्यासमोर काटा हलताना दिसला की माणूस उरलेल्या स्क्रीनवरही विश्वास ठेवतो, आणि त्याच स्क्रीनच्या मधोमध सगळ्यात मोठा गोल होता, लाल रंगात, 'फ्युएल ऑक्टेन ८६.४'.

"सर, तुमच्या इंजिनला ९१ लागतं आणि तुम्ही ८६ भरताय. पिस्टन जातील."

मग खाली बोट दाखवून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडतो तो आकडा) प्लस ७. "ही बघा भेसळ." असं म्हणून त्याने एक छोटी बाटली काढली, टाकीत ओतली, बाटलीवरचा स्टिकर नखाने खरवडला, खालचा कोड ॲपमध्ये टाकला. कशाला, तर म्हणे कॅलिब्रेशनसाठी. पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि आकडा चढत चढत ९५ वर, लाल गोल हिरवा. "इंजिन किती स्मूद झालं बघा सर." आणि खोटं का बोलू, मलाही स्मूद वाटलं. डबी ३,४९९ ची, बाटली ८५० ला एक, आणि ॲप व्हेरिफाय करायला फक्त एक रुपया यूपीआयने. सगळं सेटिंग त्यानेच केलं, पिन टाकायच्या वेळेला तेवढा फोन माझ्यापुढे धरला. बिल मागितलं तर म्हणाला ॲपमध्येच येतं सर, पेपरलेस आहे.

त्यानंतर काय, टाकी भरली की दोन दिवसात ॲप बोंबलायला लागायचं, ऑक्टेन लो, ऑक्टेन लो. नवीन बाटली ओता, कोड टाका, गप्प. बाटल्या कुरिअरने घरी यायच्या.

पंपावरचं भांडण याच काळातलं. मी फोन नाचवत गेलो, तुमचं पेट्रोल ८६ चं आहे म्हणून. मॅनेजर म्हातारा माणूस, आवाज न चढवता म्हणाला बसा, टेस्ट करून दाखवतो. मशीनमधून काचेच्या उंच भांड्यात पेट्रोल घेतलं, त्यात हायड्रोमीटर सोडला, थर्मामीटर घातला, दोन्ही आकडे वाचून जाड चार्टवरून १५ डिग्रीची घनता काढली आणि टँकर आला तेव्हाच्या नोंदीशी लावून दाखवली. घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही, इथे एकाचासुद्धा नव्हता. मग फिल्टर पेपरवर थेंब टाकला, थोड्या वेळात उडून गेला, डाग नाही. तुम्हालाही हे दोन्ही मागायचा हक्क आहे, शिवाय पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं मापही, आणि कुठल्याही पंपाला नाही म्हणता येत नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला की भेसळीची शंका ह्याने फिटेल, पण ऑक्टेन ह्याच्यातून कळत नाही, तो लॅबमध्येच कळतो, तुमच्या फोनला कसा कळतो ते मला सांगा. मी काय सांगणार! तरी वाटलं की पंपवाला आहे, हा असंच बोलणार.

भांडं फुटलं ते सावंतवाडीला जाताना. बायकोच्या माहेरी कार्य होतं, पत्रादेवीचा चेकनाका यायच्या आधीच ॲप बोंबलायला लागलं, आणि थांबेचना, दर मिनिटाला टूं टूं. बायको म्हणाली, "अहो, ते बंद करा आधी, डोकं उठलंय." नवीन बाटलीचा स्टिकर मी आदल्या रात्री खरवडून फोटो काढून ठेवलेला, तोच कोड तिला सांगितला, तिने टाकला. आवाज बंद. बांद्याला चहाला थांबलो तर गोल हिरवा, ऑक्टेन ९६.१. मी खूश. आणि ही कपात चहा ओतता ओतता म्हणते, "पण बाटली कुठे ओतली तुम्ही? ती तर घरी कपाटात आहे ना, फिनेलच्या बाजूला?"

चहा तसाच राहिला. बाटली खरंच कपाटात होती, सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

परत आल्यावर म्हापशात आमच्या मेस्ताकडे (मेकॅनिककडे) गेलो. तो आधी हसला पोटभर. मग म्हणाला, "पात्रांव, ऑक्टेन मेजपाचें मशीन लॅबान आसता, गाडयेंत न्हय." (ऑक्टेन मोजायचं मशीन लॅबमध्ये असतं, गाडीत नाही.) आणि स्वतःचा स्कॅनर लावून माझ्या गाडीचा ईसीयू काय काय देतो त्याची अख्खी यादी काढून दाखवली. आरपीएम, तापमान, हवेचा दाब, ऑक्सिजन सेन्सर, इग्निशन टायमिंग, फ्युएल ट्रिम. ऑक्टेन नावाची ओळच नाही. आणि हे माझ्या गाडीपुरतं नाही, ओबीडीच्या स्टँडर्ड यादीतच ती नाही. इथेनॉल किती टक्के ह्याची एक ओळ आहे, पण तसा सेन्सर गाडीत असेल तरच ती भरते, आपल्या साध्या गाड्यांत तो नसतो. मग आमच्या निळ्या डबीची परीक्षा घेतली. ॲप चालू ठेवून डबी सॉकेटमधून उपटून माझ्या हातात दिली. आरपीएम शून्य, तापमान गायब, आणि ऑक्टेन आपला चालूच, ९५.८, ९५.६, ९५.९, असा मस्त झुलतोय. डबी माझ्या हातात, गाडी बंद, पेट्रोल टाकीत, आणि ह्याला ऑक्टेन कुठून दिसतोय देव जाणे.

मेस्ताने सांगितलं आणि मग घरी बसून मी वाचलं ते थोडक्यात लिहितो, कारण ही पोरं 'नॉक सेन्सर' हा शब्द सारखा फेकतात आणि समोरचा गप्प होतो. नॉक सेन्सर खरा असतो. इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने लावलेला असतो, पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिनात टकटक झाली की ती त्याला ऐकू येते, आणि ईसीयू स्पार्क थोडा उशिरा देतो. म्हणजे त्याला टकटक कळते, ऑक्टेन कळत नाही. टायमिंग मागे जायला शंभर कारणं, चोर्ला घाटात चार माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरवर चढवली, मे महिन्यातली गरम हवा, आत साचलेला कार्बन, काहीही. त्यावरून ८६.४ असा पॉइंटसकट आकडा काढणं शक्य नाही. खरा ऑक्टेन मोजतात तो एका सिलिंडरच्या खास टेस्ट इंजिनवर, ज्याचं कॉम्प्रेशन चालू असताना कमी-जास्त करता येतं, आणि पेट्रोलची टकटक आयसोऑक्टेन व हेप्टेन यांच्या मिश्रणाशी ताडून बघतात, आयसोऑक्टेनला १०० धरलंय आणि हेप्टेनला ०. एवढं धूड काडेपेटीत मावत नाही.

आणि ते प्लस ७ फ्युएल ट्रिम, ज्याला तो भेसळ म्हणाला? इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, वजनाने एक तृतीयांशाहून जास्त, म्हणून ई-२० वर ईसीयूला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं. ट्रिम प्लसमध्ये गेली म्हणजे गाडीने ते ओळखून जुळवून घेतलं. दहाच्या आतबाहेर होईपर्यंत मेस्त लोक तिकडे बघतसुद्धा नाहीत.

सगळ्यात मोठा विनोद तर पुढे आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्येच सांगितलेलं की बीएस-सिक्सचं साधं पेट्रोल ९१ आणि ई-२० मुळे ते ९५ होतं. म्हणजे ज्या इथेनॉलने ऑक्टेन पडला म्हणून मला घाबरवलं त्याच इथेनॉलने तो वाढतो! अख्ख्या टाकीचा पाचवा भाग इथेनॉल घालून चार आकडे वाढतात, आणि ह्यांची टाकीभर पेट्रोलात ओतलेली छोटी बाटली जवळजवळ नऊ वाढवते म्हणे. बाटलीत काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. वास रॉकेलसारखा येतो. मेस्ताने उरलेली ओतू दिली नाही.

आता पैशाचं. तो एक रुपया 'व्हेरिफिकेशन' म्हणजे ऑटोपे होता, दर महिन्याला २९९. ऑटोपेला पिन पहिल्यांदाच लागतो, नंतर ठरलेल्या मर्यादेत पैसे आपोआप कटतात. आदल्या दिवशी मेसेज येतो, पण तो गुड मॉर्निंग आणि बँकेच्या लोन ऑफरच्या ढिगाऱ्यात कोण वाचतो. आणि हे नीट ऐका, ॲप डिलीट केलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही. माझंही झालं नव्हतं. ज्या यूपीआय ॲपने पैसे जातात त्यात ऑटोपे किंवा मँडेट असं सेक्शन असतं, तिथे जाऊन कॅन्सल करावं लागतं. त्यांचं ॲप फोनमधून काढायच्या आधी मी परमिशन बघितल्या तर एसएमएस वाचायची, कॉन्टॅक्टची, नोटिफिकेशनची, सगळी दिलेली. इंजिनचं तापमान बघायला माझे एसएमएस कशाला लागतात? यूपीआय पिन बदलला, नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रार नंबर मिळाला. ऑटोपेचा शेवटचा हप्ता बँकेने अडवला, आधीचे गेले ते अजून आलेले नाहीत. बाटल्यांच्या पैशाचं अवघड आहे, कारण ते मी स्वतः पिन टाकून दिलेले आणि बिल एकाचंही नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वाल्यांनीही पहिलं तेच विचारलं, बिल आहे का. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणतो मी फक्त दाराबाहेरची जागा भाड्याने दिलेली, त्यांना ओळखत नाही. नंबर बंद. पंपावर जाऊन त्या मॅनेजरला सॉरी म्हणून आलो, तो म्हणाला तुम्ही पहिले नाही.

फोनवर गाडीचे आकडे बघायची हौस असेल तर बघा की, मी अजूनही बघतो, त्याच निळ्या डबीवर पण प्लेस्टोअरवरच्या दुसऱ्या ॲपने. तापमान, व्होल्टेज आणि चेक इंजिनची लाईट लागली तर कोड कुठला, एवढ्यापुरती ती कामाची आहे. काम झालं की काढून ठेवतो, सॉकेटला इग्निशन बंद असतानाही करंट असतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरू शकते.

गेल्या आठवड्यात फोंड्याहून मित्राचा फोन आला, तिथे असंच टेबल लागलंय, डबी आता काळी आहे आणि ॲपचं नाव वेगळं, बाटलीवर खरवडायचा स्टिकर मात्र तोच. कोणी त्यांच्याकडून घेतलं असेल आणि चुकून कागदी बिल किंवा कुरिअरच्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता ठेवला असेल तर कळवा, माझ्या तक्रारीला जोडायचाय.