दंडावरचा शुगर सेन्सर: इन्सुलिन आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांसाठी

आमच्या ह्यांना इन्सुलिन चालू आहे आणि अँजिओप्लास्टीही झालेली आहे. अशा माणसासाठी दंडाला चिकटवून सतत साखर मोजणारा हा चौदा दिवसांचा सेन्सर घ्यावा का, तर माझ्या मते जरूर घ्यावा.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग चांगलं होतं, पण ठोक्यानंतर हृदय नीट सैल पडत नाही असं आलं. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की हृदयाच्या स्नायूत ताठरपणा येतो, म्हणून साखर आटोक्यात हवीच. एचबीए१सी या रक्तचाचणीचा आकडा 7 टक्क्यांच्या आत होता. पण ती पडली सुमारे तीन महिन्यांची सरासरी. दुपारचा चढ आणि रात्रीचा उतार त्यात एकमेकांना झाकून टाकतात.

सेन्सर लावला आणि पहाटे तीनच्या सुमारास अलार्म वाजला. आकडा 58. बोट टोचून पाहिलं, मीटरवर 61. ह्यांना धडधड नाही, थरथर नाही, कारण बीटा-ब्लॉकरची (ठोके मंदावणारी) गोळी ही लक्षणं दाबते. उशीचा अभ्रा मात्र घामाने ओला. साखर अशी घसरली की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं, ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि आधीच दुखावलेल्या हृदयाला ते जड जातं. अ‍ॅकॉर्ड या मोठ्या चाचणीत एचबीए१सी 6 च्या खाली नेण्यासाठी कडक उपचार दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून 2008 मध्ये ते उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. साखर जितकी कमी तितकं चांगलं, असं हृदयरोग्याच्या बाबतीत धरून चालत नाही. डॉक्टरांनी आलेख पाहून रात्रीचं इन्सुलिन कमी केलं, आता पहाटेची रेघ सपाट असते.

त्रासही आहेत. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाब पडून सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. साखर झपाट्याने बदलत असताना तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे शंका आली की बोट टोचायचंच. घामाने कडा सुटतात. वरून चिकटपट्टी लावली की टिकतो.

ज्यांना इन्सुलिन नाही, नुसती मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू आहे त्यांची साखर सहसा इतकी घसरत नाही. त्यांनी एकदाच लावून आलेख डॉक्टरांना दाखवला तरी पुरे.