‘नोस्फेराटू’ची स्वस्तातली डिस्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुर्नाऊने दिग्दर्शित केलेल्या या जर्मन मूक व्हॅम्पायर-सिनेमाच्या डिस्कला पाचपैकी दीड दिले होते, आता अडीच करतोय. वाढलेला एक गुण डिस्कचा आहे. विक्रेत्याला शून्यच.

डिस्क बिघडलेली नाही. चालते, अडकत नाही, मेन्यू उघडतो. तक्रार एकच होती: कव्हरवर ‘१९२२ची मूळ आवृत्ती’ छापलंय आणि आत रंग नाहीत. उत्तर आलं की सिनेमा कृष्णधवल आहे, तेव्हा रंग नसणं हा दोष धरला जात नाही, परतावा मिळणार नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर पुन्हा चिकटवून आलं. पैसे फार नव्हते, पण फुकट गेलेला रुपया मोठाच दिसतो. म्हणून रंगांचं प्रकरण नीट मांडतो. कथा, ऑरलॉक हा व्हॅम्पायर काउंट, ती भूमिका करणारा मॅक्स श्रेक, ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून हक्क न घेता केलेला सिनेमा, हे सगळं वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरतो.

१९२१ साली रात्री बाहेर शूटिंग करणं जवळजवळ अशक्य होतं. फिल्मची संवेदनशीलता फार कमी, आणि आख्ख्या गल्लीला पुरेल इतके आर्क दिवे विस्मार किंवा ल्यूबेक या जर्मन गावांच्या रस्त्यावर नेणं सिनेमा काढणाऱ्या कंपनीला परवडणारं नव्हतं. त्यामुळे कॅमेरामन फ्रिट्झ आर्नो वाग्नरने बाहेरच्या रात्री सरळ दिवसा घेतल्या. त्यात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म. तिला निळा रंग भरपूर दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. निळं आकाश पांढरंफटक पडतं, लाल ओठ काळे पडतात. श्रेकच्या मेकअपला हे फायद्याचं ठरलं, रात्रीला मात्र नाही: फ्रेममध्ये आकाश आलं की दुपार उघडी पडते.

यावरचा उपाय लॅबमध्ये होता. पॉझिटिव्ह प्रिंटचे, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रतीचे, तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करून अॅनिलीन रंगाच्या द्रावणात बुडवायचे, धुवायचे, वाळवायचे आणि मग क्रमाने जोडायचे. यालाच टिंट म्हणतात. रंग जिलेटिनला लागतो, चांदीला नाही. म्हणून पांढरा भाग रंगतो आणि काळा काळाच राहतो. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळा, पहाटेला गुलाबी. पांढरं आकाश निळ्यात बुडालं की चांदणं वाटतं. त्या काळच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नसे. पडदा निळा झाला की रात्र झाली, बस.

आता हेच या डिस्कवर बघा. ऑरलॉक शवपेटी काखोटीला मारून विस्बोर्ग या कथेतल्या गावात शिरतो ती रात्र आहे. इथे तो भर उन्हात शिरतो. भिंतीवर ऊन, फरसबंदीवर ऊन, आणि हा माणूस सामान घेऊन नवीन भाड्याच्या घरी निघालाय. होडीत ताठ उभा राहून तो ल्यूबेकच्या मिठाच्या कोठारांकडे जातो, तेही दिवसाढवळ्या. मग शेवटी कोंबडा आरवतो, सूर्य उगवतो आणि तो विरून जातो. का? इतका वेळ उन्हातच तर हिंडत होता! सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही गोष्ट पडद्यावर रुजवली ती याच सिनेमाने. स्टोकरच्या कादंबरीतला काउंट दिवसा बाहेर पडू शकतो. म्हणजे ज्या एका कल्पनेवर शेवट उभा आहे, ती कल्पना रंगावर उभी आहे. तो काढून टाकला तर शिल्लक राहतो तो ‘कृष्णधवल’ सिनेमा नव्हे, अर्धवट लॅबमधून उचलून आणलेला सिनेमा.

रंग गेले कुठे, याचंही कारण साधं आहे. शूटिंग एकाच कॅमेऱ्याने, त्यामुळे मूळ निगेटिव्ह एकच. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. निर्मिती करणारी प्राना-फिल्म त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. तिने दुसरा सिनेमा काढलाच नाही. वाचलं ते परदेशी गेलेल्या प्रिंट्समुळे, आणि त्यांच्या पुढच्या प्रती निघाल्या साध्या कृष्णधवल फिल्मवर. टिंट पॉझिटिव्हवर असतो, निगेटिव्हवर नाही, त्यामुळे पहिल्याच नकलेत तो गळतो. वर आणखी एक घोळ: नक्कल निळ्यालाच संवेदनशील असलेल्या फिल्मवर काढली तर पिवळी खोली काळवंडते आणि निळी रात्र उजळते. रात्र उजेडात, दिव्याची खोली अंधारात, नेमकं उलटं. या डिस्कवर किल्ल्यातल्या जेवणाच्या प्रसंगात ऑरलॉककडे आलेल्या तरुण हुटरच्या मागे नुसता काळा गोळा का दिसतो, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

दुसरा दोष वेगाचा. मूळ लांबी १९६७ मीटर. एका मीटरला साडेबावन्न फ्रेम धरल्या तर १ लाख ३ हजारांच्या आसपास फ्रेम होतात. सेकंदाला १८ फ्रेमनी दाखवलं तर सुमारे ९५ मिनिटं, २५ने पळवलं तर ६९. इथे सगळे पळतात. मुर्नाऊने नटांची चाल मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) बसवली होती असं सांगतात. ती मेहनत पाण्यात. पण खरा फटका ट्रिकना बसतो. ऑरलॉकची बग्गी हुटरला न्यायला येते ती मुद्दाम फास्ट मोशनमध्ये आहे. त्या काळच्या कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की आठ फ्रेम सरकत. ट्रिकसाठी वेगळी खोबण असे, तिथे एका फेरीत एकच फ्रेम. हँडल सावकाश फिरवायचं की पडद्यावर बग्गी धक्के खात धावते. ती अमानवी वाटते कारण तिच्या आधी हुटर साध्या माणसासारखा चाललेला असतो. इथे हुटरच बग्गीच्या वेगाने चालतो, तर बग्गीचं काय कौतुक!

जंगलातला निगेटिव्ह शॉटही असाच वाया गेलाय. झाडं पांढरी, आकाश काळं, त्यातून काळी बग्गी. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटतं, म्हणजे बग्गी काळी दिसण्यासाठी शूटिंगच्या वेळी ती पांढरी असायला हवी. एवढी तयारी करून घेतलेला शॉट या ओरखड्यांच्या प्रिंटमध्ये प्रिंटचाच दोष वाटतो.

इथवर दीडच गुण होते. मग तुलनेसाठी २००६च्या रिस्टोरेशनची डिस्क मिळवली. ते काम लुसियानो बेरियातुआ यांनी मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी केलं. आधार १९२२ची टिंट असलेली फ्रेंच प्रिंट, आणि गाळलेले शॉट दुसऱ्या प्रतींमधून भरून काढलेले. ती बघितल्यावर रात्र रात्र झाली, शेवट शेवट झाला. काळे भाग निळसर झालेत का, हे मुद्दाम तपासलं, कारण हल्ली नुसता निळा थर वरून फासणारेही आहेत. नाही, काळा काळाच आहे. कुरबूर एकच: १८ फ्रेमचं २४ करताना दर तिसरी फ्रेम दोनदा येते, आडव्या हालचालीत बारीक हिसका जाणवतो. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) आधी बंद करा, नाहीतर ऑरलॉक तेलात पोहल्यासारखा सरकतो.

पण गंमत अशी की त्यानंतर स्वस्तातली डिस्कच जास्त वेळा प्लेअरमध्ये गेली. निळा रंग ज्या गोष्टी झाकतो, त्या इथे उघड्या आहेत. सावली कुठे पडलीय त्यावरून सूर्य कुठे होता ते कळतं, आणि एकाच प्रसंगातले दोन शॉट वेगवेगळ्या वेळी घेतलेत हेही पकडता येतं. सिनेमा बघायला ही डिस्क कुचकामी आहे. सिनेमा कसा केला ते बघायला बरी आहे.

उदाहरणार्थ शेवटचं विरणं. त्या काळी हे काम कॅमेऱ्यातच होई. कॅमेरा घट्ट बांधायचा, नट उभा असताना हँडल फिरवत फिरवत शटर हळूहळू मिटायचं, फ्रेम मोजून ठेवायच्या. मग लेन्स झाकून तेवढीच फिल्म उलटी गुंडाळायची, नटाला बाजूला करायचं आणि रिकामी खोली त्याच फ्रेमवर शटर उघडत घ्यायची. मोजणी चुकली तर मध्येच अंधार येतो. कॅमेरा केसभर हलला तर खिडकीची चौकट दुहेरी होते. या डिस्कवर फ्रेम थांबवून चौकट तपासता येते, कारण मध्ये टिंट येत नाही. जहाजावर तो शवपेटीतून फळीसारखा ताठ उठतो, तिथेही थांबून बघा: गुडघे वाकत नाहीत, टाचा सुटत नाहीत. माणूस असा उठू शकत नाही. पाठीमागे बिजागरीवरची फळी हवीच.

जिन्यावरच्या सावलीचंही तसंच. कडा धारदार हव्या असतील तर दिवा लहान आणि लेन्सशिवायचा लागतो, आणि माणूस भिंतीपासून फार लांब चालत नाही. तो दिव्याकडे सरकला की सावली वाढते आणि कडा भुरकट होतात. नखं स्पष्ट ठेवून आकार वाढवायचा तर दिवाच लांब आणि तिरका ठेवावा लागतो.

आणि हो, सरायीबाहेरचा तो ‘लांडगा-माणूस’. कव्हरवर त्याला लांडगा म्हटलंय. आपल्याकडे माळरानावर ज्याने तरस पाहिलंय, त्याला पट्टे दिसताक्षणी कळेल. घोडे घाबरतात ते ठीक, पण कार्पेथियन पर्वतात तरस कुठून आलं?

या डिस्कवर पात्रांची नावंही ड्रॅक्युला आणि हार्कर आहेत, गाव ब्रेमेन आहे. जुन्या अमेरिकन प्रतीची ही खूण. मूळात ऑरलॉक, हुटर आणि विस्बोर्ग. संगीताबद्दल काय लिहू? कुठलंतरी ऑर्गन आहे, हान्स एर्डमानच्या मूळ संगीताशी त्याचा संबंध नाही. मी आवाज बंद ठेवतो.

घेणार असाल तर कव्हरवर मिनिटं बघा. नव्वदच्या पुढे असतील तर वेग बहुतेक ठीक आहे. पासष्ट-सत्तर असतील तर विक्रेत्याला पैसे देण्याआधी लेखी विचारा: टिंट आहे का, कुठल्या प्रिंटवरून? ‘ओरिजिनल ब्लॅक अँड व्हाइट’ असं उत्तर आलं तर घेऊ नका. फक्त ट्रिक्स थांबवून बघायच्या असतील तर घ्या, पण अर्ध्या किमतीत.