गल्लीतले पेव्हर ब्लॉक: एक पावसाळा काढल्यानंतर

पाण्याची लाइन टाकायला आलेल्यांनी गल्ली मधोमध उकरली, पाइप टाकला, आणि काढलेले ब्लॉक भिंतीशी रचून ठेवलेले असताना चरावर सरळ काँक्रीट ओतून गेले. डांबर नको, ब्लॉक घाला, असा ठराव प्रभागात झाला तेव्हा ब्लॉकच्या बाजूने एकच मोठा मुद्दा होता: पुढे खोदावं लागलं तर ब्लॉक काढा, काम करा, तेच परत बसवा. जादा पैसे मोजले ते या गुणासाठी, आणि पहिल्याच खोदाईत त्यावर पाणी सोडलं. शाबूत ब्लॉक आता कुणाच्या तरी कुंड्यांखाली जाणार.

आकार, रंग, नक्षी यावर वेळ घालवत नाही. जाडी मात्र बघून घ्या. आयएस 15658 या ब्लॉकसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे हलक्या रहदारीला 60 मिमी आणि एम-35, मध्यम रहदारीला 80 मिमी आणि एम-40. एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी, आकडा मोठा तितका ब्लॉक मजबूत. कचऱ्याची मोठी गाडी किंवा टँकर रोज शिरत असेल तर 60 वर भागवू नये. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बसवायच्या आधी चट्ट्यातला एक उचला, टेप लावा, काट्यावर ठेवा. 200 बाय 100 चा 80 मिमी ब्लॉक पावणेचार किलोच्या आसपास भरतो, 60 चा पावणेतीन. इथे 80 चेच आले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

पावसाआधी काम झकास वाटत होतं. उतार बरोबर, डबकं नाही, दुचाकी घसरत नाही. जोराच्या सरी झाल्या आणि चाकाच्या पट्ट्यात ब्लॉक डुलायला लागले, पाय पडला की खालून चिखलाची पिचकारी. माल हलका आला, भट्टी बिघडली, असाच सूर गल्लीभर होता. पण चरासाठी ब्लॉक उघडले तेव्हा ते ठणठणीत निघाले, कडा शाबूत, कुठे तडा नाही. ठेकेदाराला ब्लॉकवरून घातलेल्या शिव्या त्यामुळे परत घ्याव्या लागतील. सांध्यांवरून घातलेल्या तशाच राहू द्या.

सांध्यात वाळू नव्हती. सगळं दुखणं तिथे आहे.

दोन ब्लॉकमध्ये 2 ते 4 मिमी फट मुद्दाम ठेवतात आणि ती बारीक, कोरड्या वाळूने तळापर्यंत गच्च भरतात. चाक एका ब्लॉकवर आलं की त्याचा भार या वाळूतून शेजारच्या ब्लॉकवर जातो, म्हणून सगळे मिळून एक फरशी होते. फट रिकामी झाली की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. तो हलतो, फटीतून पाणी खाली उतरतं, चाकाच्या दाबाने खालची वाळू त्या पाण्याबरोबर वर फेकली जाते, खाली पोकळी होते आणि ब्लॉक खचतो. पिचकारी उडते ती हीच. एम-40 च्या जागी एम-55 घातला तरी यात काही फरक पडणार नाही.

आता हिशोब बघा. 200 बाय 100 चे ब्लॉक चौरस मीटरला 50 बसतात, सांध्यांची लांबी होते 15 मीटर. 3 मिमी रुंद आणि 80 मिमी खोल धरली तर भरायला वाळू लागते साधारण साडेतीन लिटर. बादली अर्धीही भरत नाही! एवढ्या वाळूसाठी अख्ख्या गल्लीचं काम नासतं, कारण बिल निघतं बसवलेल्या चौरस मीटरवर. वाळू एकदा भुरभुरली, झाडली, मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ज्यावरून बिल निघतं त्या वहीत, नोंद झाली, विषय संपला. खरं तर पहिली भरणी बसते. कंपनांनी आणि रहदारीने वाळू खाली जाते, सांधे वरून उघडे पडतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरावी लागते. त्यासाठी जादा वाळू ब्लॉकवर पसरून तशीच पडू द्यायची असते. पण उद्घाटनाला गल्ली चकचकीत दिसली पाहिजे, त्यामुळे आदल्या रात्रीच झाडून पाण्याने धुतात. धुणं तर सगळ्यात वाईट. पन्हळीचं पाणी जिथे थेट पडतं तिथले सांधेही सर्वात आधी रिकामे होतात.

दुरुस्तीला माणूस आलाच तर तो सिमेंटचं पाणी घेऊन येतो. ते ओतू देऊ नका. सिमेंटने सांधा ताठ होतो, गाडी गेली की तडकतो, आणि पुढच्या खोदाईत ब्लॉक सुटा निघण्याऐवजी फुटतो.

चर नीट बुजवायचा तर असा. दोन्ही बाजूंना एक-दोन ओळी जास्त काढायच्या. भराव 150 मिमीच्या थरांत, दर थराला जरुरीपुरतं पाणी आणि धुम्मस (ठोकून दाबायचं वजन). वर आधीसारखाच खडीचा थर, तोही दाबून. मग 30 मिमी वाळू, आणि ती सगळीकडे सारखी. खड्डा राहिला म्हणून तिथे 100 मिमी वाळू टाकली की तेवढीच जागा महिन्याभरात खचते. ब्लॉक आजूबाजूपेक्षा किंचित वर ठेवायचे, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं यंत्र) फिरला की ते पातळीत येतात. मग कोरडी वाळू, झाडू, पुन्हा कॉम्पॅक्टर, पुन्हा वाळू. ओली वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते, म्हणून पावसात हे काम करू नये. क्रशरची कच सर्रास वापरतात. तिच्यात पूड जास्त असली तर पाण्याबरोबर गाळ होऊन जाते, म्हणून चाळून आणि धुऊन वाळवलेलीच घ्यायला लावा.

कडेचा कर्ब आणि चेंबरभोवतीचं काँक्रीट इथे बरं आहे. जुना रस्ता न खरवडता वर ब्लॉक चढवले असते तर गल्ली वाळूसकट 110 मिमी उचलली गेली असती आणि पाणी उंबऱ्यात आलं असतं. ते टळलं, हे मान्य.

तक्रार करताना ‘ब्लॉक हलतात’ एवढंच लिहिलं तर ती बांधकाम आणि पाणीपुरवठा यांच्यात टोलवली जाते आणि एका फोटोवर निकाली निघते. कार्यादेश (वर्क ऑर्डर) क्रमांक आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ज्या मुदतीत ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात ती मुदत, लिहा, मग ठेकेदाराची अनामत मध्ये येते आणि कागद हलतो. हे आकडे मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फारसं कुणी वापरत नाही. अर्जात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि सांध्यांतल्या वाळूचा नमुना, तिन्ही एकत्र मागा. नमुना द्यायला वाळूच नाही असं निघालं तर पुढची तक्रार आपोआप लिहून झाली.

डांबर परत हवं का? नाही. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मात्र ‘सांध्यांत वाळूची दुसरी भरणी, पहिल्या पावसाळ्यानंतर तिसरी’ ही वेगळी बाब घालायला लावायची आहे, कारण ज्याचं बिल निघत नाही ते काम होत नाही. आणि खोदाईच्या परवानगीत ‘रस्ता पूर्ववत करणे’ असं मोघम छापलेलं असतं, त्याच्या आधी ‘तेच ब्लॉक वापरून’ एवढं जोडून घ्यायचं आहे.