मुद्रितशोधन सेवा, शालिमार परिसर, नाशिक: ऱ्हस्व-दीर्घ चोख, लिंगाची बोंब

डीटीपी आणि मुद्रितशोधन एकाच ठिकाणी. तपासायला गेलं होतं पेशवाईतल्या नाशिकवरच्या, स्त्रीवादी वळणाच्या प्रेमकादंबरीचं हस्तलिखित. नायिका पुरुषवेषात दप्तरात कारकुनी करते.

ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं निर्दोष. 1773 सालची नायिका 'मला माझी स्पेस हवी' म्हणते, तिथं लाल खूण केली, हेही बरोबर. इथवर पैसे वसूल.

घोळ पुढे आहे. नायिका दप्तरात 'मी येतो' म्हणते, घरी 'मी येते'. शोधकानं ही चूक समजून सगळीकडे 'येते' केलं. सोंग पहिल्याच प्रकरणात उघडं! तिच्या निनावी चिठ्ठ्यांत लेखिकेनं 'मला वाटलं', 'मी निरोप वाचला', 'मी येईन', 'मी म्हटलं' अशी वाक्यं जपून वापरली होती. यात बोलणारी बाई की बुवा, पत्ता लागत नाही. 'वाचला' हे क्रियापद निरोपाकडे बघतं, वाचणाऱ्याकडे नाही. दुरुस्तीत 'मी म्हटलं'चं 'मी म्हणाले' झालं आणि गुपित फुटलं. आनंदीबाईंची आनंदवल्ली याच शहरात. निदान या गावात तरी 'ध'चा 'मा' करताना हात थरथरायला हवा.

सर्वांत मोठं नुकसान 'इकडून'चं. नायिकेची जाऊ नवऱ्याला 'इकडून येणं झालं का?' असं विचारते. त्यात ना नाव, ना 'तुम्ही', क्रियापदसुद्धा नपुंसकलिंगी. शेवटच्या प्रकरणात ती पहिल्यांदा 'तुम्ही आलात?' म्हणते, आणि त्या एका 'तुम्ही'साठीच आधीची सगळी पानं लिहिलेली. शोधकानं पहिल्या पानापासूनच 'तुम्ही आलात' करून ठेवलं.

'मुलगी दिली', 'बोडकी', 'टाकलेली' हे शब्दही सौम्य केलेत. पात्रांच्या तोंडी ते राहायलाच हवेत. काढायचे ते निवेदनातून. उलट निवेदनात नायिकेला 'मर्दानी' म्हटलंय, तिथं मात्र पेन्सिलही टेकवलेली नाही.

काम द्यायचंच असेल तर सोबत एक पानी तक्ता द्या: कोण कोणाला काय म्हणतं (अहो, अरे, इकडून), आणि कोणत्या प्रकरणापासून बदलतं. वेषांतराच्या प्रसंगांत समासात 'तसंच ठेवा' लिहा. 'सगळे बदला' ही सोय वापरू नका, असं आधीच बजावा. 'आले' बदलताना चहातलं 'आले'ही बदलतं. पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघा, संवाद मोठ्यानं वाचून.

शुद्धलेखनाला पाचापैकी साडेचार, संवादांना दीड. पाककृतींचं पुस्तक असेल तर डोळे झाकून द्या.