४५ अंशांची लेग प्रेस आणि प्लेटवाली लेग एक्स्टेन्शन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन्ही मशीन एकाच कंपनीची, दोन्हींना प्लेटा हाताने लावायच्या. वापर आठ महिने, आठवड्याला चार दिवस, तीन जण. फ्रेमबद्दल तक्रार नाही. ७५×७५ मिमीची, ३ मिमी जाडीची चौकोनी पाइप आहे, वेल्डिंग सलग आहे, कुठेही तडा नाही. तक्रार आहे ती भूमितीबद्दल. लेग मशीन घेताना लोक पाइपची जाडी ठोकून बघतात, पण वजन कुठल्या कोनात बसतं हे कोणी बघत नाही.

आधी लेग प्रेस, म्हणजे मागे रेलून बसून तिरक्या रुळावरचं वजन पायांनी वर ढकलायचं मशीन. ४५ अंशांच्या रुळावर पायांना वजनाचा ०.७०७ इतकाच भाग पेलावा लागतो. म्हणजे १०० किलोच्या प्लेटांचे ७१ किलो. त्यात स्लेडचं, म्हणजे प्लेटा घेऊन रुळावर सरकणाऱ्या गाड्याचं, स्वतःचं वजन मिळवायचं. ते इथे ३८ किलो भरलं आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही. रुळाच्या दिशेने त्याचे २७ किलो व्हायला हवेत. रिकाम्या स्लेडला हँगिंग काटा अडकवून रुळाला समांतर हळू ओढली तर वर जाताना ३१ किलो दिसले, तितक्याच सावकाश खाली सोडताना २३. मधला आकडा २७, हिशोब जुळला. दोन्हीकडचे चार-चार किलो म्हणजे घर्षण. ते ढकलताना विरोधात जातं आणि उतरवताना मदतीला येतं. म्हणजे वजन सावकाश उतरवून मांडीला जो ताण द्यायचा असतो, नेमका तोच घर्षण खाऊन टाकतं.

चार किलो फार झाले. स्लेडला रुळाच्या वर चार आणि खाली चार पॉलियुरेथेनचे रोलर आहेत. खालचे ऑफसेट बुशवर (भोक मध्यापासून बाजूला असलेल्या नळीवर; ती फिरवली की रोलर रुळाच्या जवळ येतो किंवा लांब जातो) बसवलेले आहेत आणि कारखान्यातूनच गच्च आवळून आले होते. प्लेटा काढा, स्लेड स्टॉपवर (ती जिथे टेकते त्या अडसरावर) ठेवा, खालच्या रोलरचा नट अर्धा फेरा सैल करा. बुशला स्पॅनर लावून रोलर रुळापासून सुटा करा आणि मग हळूहळू परत आणा. बोटाने फिरवल्यावर फिरतो पण किंचित अडतो, तिथे थांबायचं. आता बुश स्पॅनरने धरून ठेवूनच नट आवळा, नाहीतर बुश नटाबरोबर फिरतं आणि केलेली मेहनत वाया जाते. यानंतर काट्यावर २९ आणि २५ आले. याहून सैल ठेवू नका. पाय फूटप्लेटच्या वरच्या टोकाला ठेवून ढकललं की स्लेड तिरकी होते आणि खडखडते.

रुळावर ग्रीस लावू नका. धूळ धरून त्याचा काळा थर होतो आणि रोलर त्यावर घसटतो. कोरडं फडकं पुरतं.

तिसऱ्या महिन्यात पहिल्या चार-पाच रेप्सना ‘टक-टक’ असा आवाज येऊ लागला, नंतर तो आपोआप जायचा. बेअरिंगवर संशय जातो, पण दोष रोलरचा होता. प्लेटा लावलेली स्लेड स्टॉपवर ठेवून दिली की भार स्टॉपने घेतला असं वाटतं. स्टॉप फक्त रुळाच्या दिशेचा भाग घेतो. रुळाला काटकोनातला भाग, तोही ०.७०७ च, रोलरवर तसाच राहतो. १०० किलोच्या प्लेटा रात्रभर राहिल्या तर स्लेड धरून जवळजवळ ९८ किलो त्या रोलरांवर एकाच जागी दाबून असतात आणि पॉलियुरेथेनला चपटा डाग पडतो. काम झालं की प्लेटा उतरवायच्या. हे पुस्तिकेत पहिल्या पानावर हवं होतं.

सेफ्टी हुकांची कागदी परीक्षा जरूर घ्या. रिकामी स्लेड हुकांवर टेकवताना दोन्ही बाजूंना हुक आणि स्टॉपच्या मधे कागदाची एकेक पट्टी ठेवा, मग ओढा. दोन्ही अडकल्या पाहिजेत. इथे डावीकडची पट्टी अलगद बाहेर आली, म्हणजे सगळा भार एकट्या उजव्या हुकावर. कारण हुकात नव्हतं. बेस जोडताना चौकट काटकोनात बसलीच नव्हती आणि कर्णांच्या मापात ६ मिमीचा फरक होता. बेसचे सगळे बोल्ट सैल करून कर्ण १ मिमीच्या आत जुळवले, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले.

बोल्ट एम१२ (१२ मिमी व्यासाचे), ८.८ ग्रेडचे. कोरडे असताना साधारण ८० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरतो. पण दोन आठवड्यांनी पुन्हा पाना लावाच. दोन पाइपांच्या मधला पावडर कोटिंगचा थर भाराखाली दबतो आणि बोल्ट न फिरताच सैल पडतो. त्या वेळी बहुतेक बोल्ट पाव फेरा गेले, नंतर एकही नाही.

खालचा स्टॉप ७५ मिमीच्या टप्प्यांनी सरकतो. हे टप्पे फार मोठे. एका भोकावर गुडघे पुरेसे वाकत नाहीत, पुढच्यावर कंबर पाठीच्या गादीवरून उचलली जाते. स्टॉपवर ३५ मिमीचा कडक रबर बसवला की काम भागतं.

आता लेग एक्स्टेन्शन, म्हणजे बसून नडगीने वजन उचलत गुडघा सरळ करायचं मशीन. खरं दुखणं इथे आहे. प्लेट अडकवायची दांडी थेट नडगीच्या आर्मवर (नडगीने उचलायच्या दांड्यावर), तो फिरतो त्या अक्षापासून ३०० मिमीवर वेल्ड केलेली आहे. २० किलोची प्लेट घ्या. गुडघा ९० अंशांत असताना आर्म सरळ खाली लोंबते, त्यामुळे टॉर्क शून्य. ६० अंशांपर्यंत सरळ केला की २९ न्यूटन-मीटर. पूर्ण सरळ झाला की ५९. मांडीचा पुढचा स्नायू मात्र गुडघा ६० ते ७० अंश वाकलेला असताना सगळ्यात जोरात असतो आणि सरळ होत जाताना त्याचा जोर कमी होतो. म्हणजे मशीन बरोबर उलटं मागतं: ताकद आहे तिथे अर्धा भार, ताकद संपते तिथे पूर्ण. शेवटचे १५ अंश झटका देऊन पूर्ण करायची सवय लागते ती यामुळेच. ही अडचण नवी नाही. आर्थर जोन्स यांनी १९७० मध्ये नॉटिलस मशीन बाजारात आणली ती शंखाच्या आकाराच्या कॅमसह, म्हणजे त्रिज्या सगळीकडे सारखी नसलेल्या चाकासह. त्रिज्या बदलत गेली की भारही बदलत जातो.

कॅम नसली तरी कोन बदलता येतो. आर्मच्या इंडेक्स डिस्कवर (तिचा कोन ठरवणाऱ्या भोकांच्या चकतीवर) १० मिमी जाड पट्टीचा वेगळा ब्रॅकेट दोन एम१२ बोल्टांनी बसवला, त्रिज्या तीच ३०० मिमी, पण आर्मच्या ४५ अंश पुढे. आता त्याच प्लेटने सुरुवातीला ४२, ६० अंशांवर ५७, ४५ अंशांवर ५९ आणि शेवटी पुन्हा ४२. फरक पहिल्याच सेटला कळतो आणि प्लेट कमी करावी लागते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. पूर्वी आर्म नुसती लोंबायची, आता सुरुवातीलाच ती मागे दाबते. म्हणून मागच्या स्टॉपला २५ मिमीचा रबर बफर हवाच. आणि याच मशीनवर लेग कर्ल (गुडघा वाकवून टाच वर आणायचा व्यायाम) करताना हा ब्रॅकेट अजिबात वापरू नका. पालथं झोपून टाच वर आणताना वजन ४५ अंशांतच माथ्यावर येतं आणि पुढे पलीकडे पडून पाय स्वतःबरोबर ओढून नेतं. कर्लला मूळची दांडीच बरी: भार सुरुवातीला जास्त, वर कमी.

अक्ष जुळवणं ही दुसरी बाब. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा मशीनच्या शाफ्टच्या रेषेत आला पाहिजे. पाठीची गादी ४० मिमीच्या टप्प्यांनी सरकते, त्यामुळे निम्म्या लोकांना ते जमत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पाय वर नेताना आर्मचा गादीदार रोल नडगीवर वर-खाली सरकत असेल तर अक्ष चुकला आहे. पाठीमागे २० मिमीची फळी दिली की सरकणं जवळजवळ थांबतं.

शाफ्ट २५ मिमीचा, बुश नायलॉनचे. प्लेट एकाच बाजूला लागते म्हणून त्या बाजूचं बुश पाचव्या महिन्यात लांबट झालं आणि रोलपाशी आर्म बोटभर हलू लागली. लेथवर गनमेटलची दोन बुश करून घेतली, शाफ्टच्या मापाला रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारला, हाउसिंगला ग्रीस निप्पल लावला. महिन्याला ग्रीस गनचा एक झटका. तेव्हापासून प्ले, म्हणजे ढिलाई, नाही.

सीटच्या पुढच्या कडेची शिवण सातव्या महिन्यात उसवली. फोम अजून शाबूत आहे. रेक्झिन बदलताना शिवण कडेवर न ठेवता खाली फळीच्या बाजूला घ्यायला सांगा. कडेवर असली की मांडीच्या घासण्याने दोराच आधी तुटतो.