कॉग्लिन की मॅकइंटायर? प्रबंधाचा विषय निवडताना

अमेरिकेतील धर्म, राजकारण आणि रेडिओ यांच्या संबंधांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन नावे हमखास येतात: मिशिगनमधील रॉयल ओकचे कॅथलिक धर्मगुरू चार्ल्स कॉग्लिन आणि न्यू जर्सीतील कॉलिंग्जवूडचे मूलतत्त्ववादी प्रॉटेस्टंट पाद्री कार्ल मॅकइंटायर. दोघेही कडवे कम्युनिस्टविरोधी होते आणि दोघांचाही डोलारा श्रोत्यांच्या लहानमोठ्या देणग्यांवर उभा होता. तरीही दोघांचा आवाज कोणत्या मार्गाने बंद झाला, हे पाहिल्याशिवाय निवड करू नये.

कॉग्लिन १९२६ मध्ये रेडिओवर आले आणि महामंदीच्या काळात त्यांचा श्रोतृवर्ग कोट्यवधींवर गेला. आधी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे समर्थक असलेले कॉग्लिन पुढे त्यांचे कट्टर विरोधक झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेल्यावर काही दिवसांतच त्यांनी नाझींच्या अत्याचारांचे खापर अप्रत्यक्षपणे ज्यूंवरच फोडले. हे भाषण मुळातून वाचावे, कारण द्वेष सभ्य शब्दांत कसा मांडला जातो ते तिथे स्वच्छ दिसते. १९३९ मध्ये प्रसारकांच्या संघटनेने वादग्रस्त वक्त्यांना वेळ विकण्यावर बंधने घातली आणि १९४२ मध्ये आर्चबिशपांच्या आदेशाने कॉग्लिन यांचे राजकारण संपले. बँकर्सवरील त्यांचे हल्ले पाहता त्यांना सरसकट ‘परंपरावादी’ म्हणणेही कठीण आहे.

मॅकइंटायर यांना आवरणारा कोणी बिशप नव्हता. १९५५ मध्ये सुरू झालेला त्यांचा रोजचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम साठच्या दशकात सहाशेहून अधिक केंद्रांवरून ऐकू येई. त्यांच्या नेतृत्वाखालील सेमिनरीने (पाद्री घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेने) १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डब्ल्यूएक्सयूआर हे रेडिओ केंद्र घेतले. विरोधी मतांना पुरेशी जागा न दिल्याच्या आणि कार्यक्रमांविषयी दिलेली आश्वासने न पाळल्याच्या कारणांवरून रेडिओ केंद्रांना परवाने देणाऱ्या संघीय संचार आयोगाने (एफसीसी) १९७० मध्ये त्याचा परवाना नूतनीकृत करण्यास नकार दिला. १९७३ मध्ये केंद्र बंद पडल्यावर मॅकइंटायर यांनी न्यू जर्सीतील केप मे जवळच्या समुद्रात ‘कोलंबस’ नावाच्या जुन्या जहाजावरून प्रसारण सुरू केले, पण पुरता एक दिवसही न चालता ते थांबले आणि न्यायालयाने त्यावर मनाई आणली.

जनमानसावरील परिणाम हा तुमचा प्रश्न असेल, तर कॉग्लिन निवडावेत. त्यांच्यावर लिखाण विपुल आहे, मात्र त्यामुळेच नवे काही सांगण्याला वाव कमी आहे. माझा कौल मॅकइंटायर यांना आहे. त्यांची मते मला अजिबात पटत नाहीत, आणि नेमक्या अशाच माणसाचे केंद्र सरकारी नियमाने बंद व्हावे का, हा प्रश्न अभ्यासकाला खरोखर कसाला लावतो. सुरुवात चरित्रापासून न करता परवान्याबाबतच्या १९७२ च्या अपील न्यायालयाच्या निकालापासून करावी, आणि त्यातही न्यायमूर्ती बेझलॉन यांचे भिन्नमत आधी वाचावे.